छडी हलवणारा माणूस नेमकं काय करत असे?

तुमचे मुख्य प्रश्न तीन आहेत. १९२० आणि १९३०च्या दशकांत रेडिओवर डान्स बँड घेऊन येणारा लीडर छडी हलवण्यापलीकडे काय करत असे? रेडिओतून त्याला पैसा मिळायचा का? आणि बीबीसीसारख्या ठिकाणची हक्काची जागा मिळालेली असताना जॅक पेन आणि त्याच्यानंतर हेन्री हॉल हे दोन लीडर ती सोडून बाहेर का पडले?

मी चाळीस वर्षं क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवतो आहे. त्यातली बरीच वर्षं मुंबईच्या हॉटेलांत आणि लग्नसमारंभांत स्वतःचा वाद्यवृंद चालवला, आकाशवाणीच्या स्टुडिओतही पुष्कळ बसलो. त्या काळच्या तबकड्या मी ऐकतो त्या वाजवणाऱ्याच्या कानाने, आणि उत्तरही त्याच अंगाने देतो.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोघांची किल्ली त्यात आहे. रेडिओने या माणसांना नाव दिलं. पैसा मिळाला तो त्या नावावर, बाहेर: रंगमंचावर, तबकड्यांवर, दौऱ्यांवर. रेडिओवरचं नाव रोजच्या रोज ताजं ठेवावं लागतं आणि ते कधी शिळं होईल याचा भरवसा नसतो, म्हणून ताजं असतानाच ते घेऊन बाहेर पडणं यात शहाणपण होतं. त्यांनी नोकरीला लाथ मारली असं लिहिलेलं मी वाचलं आहे, मला ते पटत नाही. वाजवणाऱ्यांच्या धंद्यात आपण ज्याला सुपारी, म्हणजे ठरवून दिलेलं काम, म्हणतो, ती आयुष्यात सगळ्यात मोठी कधी मिळणार याचा नीट केलेला तो हिशोब होता.

आता हेन्री हॉलचं आयुष्य बघू. लीडर कसा घडतो हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कुणाच्या कारकिर्दीत मला दिसलेलं नाही.

त्याचा जन्म १८९८ सालचा, लंडनच्या पेकहॅम भागातला. घर साल्व्हेशन आर्मीचं. ही ख्रिस्ती सेवासंस्था रस्त्यावर ब्रास बँड घेऊन उतरायची, त्यामुळे मुलाच्या हातात ट्रम्पेट लवकर आलं. सोळाव्या वर्षाच्या आसपास तो त्या संस्थेच्याच संगीत विभागात कॉपिस्ट म्हणून लागला. कॉपिस्ट म्हणजे अरेंजरने (गाणं वाद्यावाद्यांत वाटून लिहिणाऱ्याने) लिहिलेल्या मोठ्या स्कोअरमधून, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र स्वरलेखनातून, प्रत्येक वाद्याचा वेगळा पार्ट हाताने उतरवून काढणारा. चरित्रांत या नोकरीला एखादं वाक्य मिळतं. मला ती फार मोलाची वाटते. ज्याने हजार पार्ट उतरवले आहेत त्याला ट्रम्पेटवाल्याने म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावायला दोन-तीन मात्रा रिकाम्या लागतात, हे शिकवावं लागत नाही. क्लॅरिनेट खाली ठेवून सॅक्सोफोन गळ्यातल्या पट्ट्याला अडकवायला किती वेळ जातो, पान कुठे उलटायचं, फुंकणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा, हे त्याच्या बोटांत बसलेलं असतं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते गोव्याचे होते, आणि त्यांनी मला पहिली दोन वर्षं पार्ट उतरवायलाच बसवलं होतं. तेव्हा राग यायचा. पुढे स्वतः लीडर झालो तेव्हा ती दोन वर्षं रोज उपयोगी पडली.

त्याच वयात हॉलने साल्व्हेशन आर्मीसाठी एक कूच, म्हणजे मिरवणुकीत चालताना वाजवायची धून, रचली होती. तिची गोष्ट पुढे येईलच.

पहिलं महायुद्ध संपल्यावर तो पियानो वाजवून पोट भरू लागला आणि मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात पोचला. हे हॉटेल रेल्वे कंपनीच्या मालकीचं. ब्रिटनमध्ये तेव्हा मोठ्या रेल्वे कंपन्या स्वतःची आलिशान हॉटेलं चालवत, आणि १९२३ साली कंपन्यांचं एकत्रीकरण झाल्यावर मिडलंड हॉटेल एलएमएस नावाच्या प्रचंड कंपनीकडे आलं. हॉल तिथे आधी पियानोवाला, मग बँडचा प्रमुख आणि शेवटी त्या कंपनीच्या तीसेक हॉटेलांमधल्या बँडची देखरेख करणारा झाला. म्हणजे तीस ठिकाणी माणसं नेमायची, कुणी आजारी पडला तर बदली पाठवायची, नवीन गाणी आली की सगळीकडे पार्ट पोचवायचे, आणि जेवणाच्या वेळी आवाज किती, नाचाच्या वेळी किती हे ठरवून द्यायचं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. लीडर हा आधी कारभारी असतो. सातची वेळ दिली तर सातला सगळ्यांनी जागेवर, स्वच्छ कपड्यांत, वाद्यं सुरात लावून बसलेलं असलं पाहिजे. हे ज्याला जमत नाही त्याचा कान कितीही चांगला असला तरी बँड टिकत नाही.

जून १९२४ मध्ये स्कॉटलंडमध्ये ग्लेनइगल्स हे त्याच कंपनीचं हॉटेल उघडलं आणि उद्‌घाटनाच्या रात्रीचं संगीत बीबीसीवरून प्रक्षेपित झालं. छडी हॉलच्या हातात होती. बीबीसी तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती.

हॉटेल आणि रेडिओ यांची ही जोडी कशी जमली ते नीट समजून घ्या, कारण सगळं अर्थकारण तिच्यावर उभं होतं. सुरुवातीच्या रेडिओ केंद्रांपाशी पैसा नव्हता, पण वेळ भरायचा होता. हॉटेलात बँड रात्री वाजवतच असे आणि त्याचा पगार हॉटेल देत असे. तिथे एक मायक्रोफोन ठेवायचा, टेलिफोनच्या तारेने आवाज केंद्रापर्यंत आणायचा आणि हवेत सोडायचा. केंद्राला कार्यक्रम जवळपास आयता मिळे आणि हॉटेलची फुकट जाहिरात होई. अमेरिकेत व्हिन्सेंट लोपेझ या पियानोवादक लीडरने २७ नोव्हेंबर १९२१ ला न्यूअर्कच्या डब्ल्यूजेझेड केंद्रावरून बँड वाजवला. पुढच्या वर्षी न्यू यॉर्कच्या हॉटेल पेनसिल्व्हेनियातून थेट प्रक्षेपणाची घोषणा झाली, तेव्हा टेबल राखून ठेवण्यासाठी हॉटेलात फोनांची रीघ लागली. रेडिओने बँड घरबसल्या ऐकवला तर लोक हॉटेलात येणार नाहीत ही मालकांची भीती त्या एका संध्याकाळीत गेली. त्यानंतर अमेरिकेतलं प्रत्येक मोठं हॉटेल आपल्या नाचघरात तार ओढून घ्यायला धावलं.

कॅन्सस सिटीच्या कून आणि सँडर्स या दोघांच्या बँडची कथाही अशीच. १९२२च्या डिसेंबरपासून ते मध्यरात्री वाजवत असत. एकदा निवेदकाच्या तोंडून, मायक्रोफोन चालू आहे हे लक्षात न येता, असं काही निघून गेलं की इतक्या उशिरापर्यंत आपल्याला ऐकत जागणारा माणूस निशाचरच म्हणायचा. दूरदूरच्या लोकांनी पत्रं पाठवली, आम्ही जागे आहोत म्हणून. बँडने ते नाव उचललं आणि स्वतःला ‘नाइटहॉक्स’ म्हणवून घेऊ लागला. समोर न दिसणारा श्रोता खरोखर तिकडे बसला आहे, हे या पत्रांनी वाजवणाऱ्यांना पहिल्यांदा कळलं असेल. आकाशवाणीवर पहिल्यांदा वाजवल्यावर मला सांगलीजवळच्या एका गावातून पोस्टकार्ड आलं होतं. ते मी अजून जपून ठेवलं आहे, म्हणून हे सांगतो.

लंडनमध्ये सोय याहून जवळची होती. बीबीसीचा स्टुडिओ १९२३ पासून सॅव्हॉय हिल इथे, सॅव्हॉय हॉटेलच्या अगदी पाठीला. त्यामुळे त्या हॉटेलचे सॅव्हॉय ऑर्फिअन्स आणि सॅव्हॉय हवाना हे दोन बँड देशभर माहीत झाले. शेजारच्याच हॉटेल सेसिलमध्ये १९२५ पासून जॅक पेन वाजवत होता. १९२८ मध्ये बीबीसीने त्याला नृत्यसंगीताचा प्रमुख नेमलं आणि स्वतःचा बँड उभा केला. तोवर बीबीसीची भिस्त मुख्यतः पाहुण्या बँडवर होती. पेन उमदा गडी, आवाज मोठा, बँडमध्ये नकला आणि गमतीची गाणीही. चार वर्षांत तो इतका लोकप्रिय झाला की १९३२ मध्ये बँडसह बाहेर पडून थेट रंगभूमीवर गेला, आणि त्याच वर्षी त्याच्या बँडला घेऊन एक चित्रपटही निघाला. रेडिओने दिलेलं नाव घेऊन बाहेर पडण्याची वाट त्याने पाडली.

त्याच्या जागी हॉल आला. १५ मार्च १९३२ ला त्याच्या नव्या बीबीसी डान्स ऑर्केस्ट्राचं पहिलं प्रक्षेपण झालं, आणि तेही नव्याने बांधलेल्या ब्रॉडकास्टिंग हाउसमधून. त्या इमारतीतून गेलेला तो पहिला कार्यक्रम.

संध्याकाळी सव्वापाच ही त्याची वेळ ठरून गेली. या वेळेचा विचार करा. हॉटेलातला बँड रात्री साडेदहा-अकराला हवेत यायचा, तेव्हा ऐकणारा घरी गालिचा गुंडाळून नाचत असेल अशी कल्पना असे. सव्वापाचला कोण ऐकतं? शाळेतून आलेली मुलं, चहा करणारी आई, कामावरून परतणारा बाप. तिथे नाचाचा बँड नाचासाठी वाजत नाही. हॉल हे ओळखून होता. त्याचे ठेके नाचण्याजोगेच असत, पण त्यांवर चाल ठळक, शब्द स्पष्ट आणि आवाज सौम्य. तेव्हाच्या जाणकारांना त्याचा बँड मवाळ वाटायचा. अ‍ॅम्ब्रोज किंवा ल्यू स्टोन यांच्या बँडमध्ये धार जास्त होती, हे माझंही मत आहे. पण त्यांचे श्रोते वेगळे होते. ज्या देशात १९३२ मध्ये घरी रेडिओ ठेवण्याचे ५० लाखांहून अधिक परवाने होते आणि दशक संपताना ते ९० लाखांच्या जवळ गेले, त्या देशाच्या सगळ्या स्वयंपाकघरांत एकाच वेळी शिरायचं असेल तर कोपरे घासावे लागतात. हॉलने ते मनापासून केलं. त्या मवाळपणामागे किती मेहनत आहे ते ऐकायचं असेल तर सॅक्सोफोनच्या ओळी ऐका. चार माणसं एका श्वासात सुरू होतात आणि एका श्वासात थांबतात.

आता स्टुडिओत काय चालायचं ते. प्रत्येक वाद्यापुढे वेगळा माइक ही फार पुढची गोष्ट. तेव्हा एक-दोन माइकवर चौदा-पंधरा माणसं, म्हणजे आवाजाचा तोल खुर्च्या मांडून साधायचा. व्हायोलिन पुढे, सॅक्सोफोन मध्ये, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन मागे, ढोल सगळ्यात दूर. कुणाची चार मात्रांची खास जागा आली की तो उठून माइकजवळ यायचा, वाजवायचा आणि आवाज न करता परत जायचा. हे सगळं लीडर ठरवायचा, ध्वनी अभियंत्याच्या काचेकडे एक डोळा ठेवून. माइक आल्यामुळेच १९३० च्या आसपास बँडमधला बँजो जाऊन गिटार आली आणि ट्युबाच्या जागी उभा डबल बास आला. हॉलभर ऐकू जाण्यासाठी ओरडणारं वाद्य लागत होतं, माइकला ते लागत नव्हतं. गाणाऱ्यांचंही तेच झालं. कर्णा घेऊन गाणारे मागे पडले आणि कानाशी गुणगुणल्यासारखे गाणारे पुढे आले. त्यांच्यातला सगळ्यात मोठा अल बाउली लंडनला येण्याआधी कलकत्त्यात वाजवून-गाऊन गेला होता, ही आपल्याला माहीत असावी अशी गोष्ट.

माझा एक अनुभव सांगतो म्हणजे माइकपुढे किती बारीकसारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात ते कळेल. आकाशवाणीच्या एका ध्वनिमुद्रणात आम्ही अकरा जण होतो आणि टेक, म्हणजे एकदा वाजवून घेतलेलं मुद्रण, फिरून फिरून बाद होत होता. सूर बरोबर, ठेका बरोबर, तरी आतून ‘नाही’ येत होतं. शेवटी ध्वनिमुद्रक स्वतः बाहेर आले, माझ्यापुढच्या स्टँडवरचं कागदाचं पान दोन बोटांत धरून त्यांनी हळूच उलटलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या पार्टमध्ये पान उलटायची जागा नेमकी व्हायोलिनच्या एकट्या ओळीवर आली होती. आम्हाला बसल्या जागी ती सळसळ ऐकूही येत नव्हती, माइकला मात्र पावसासारखी ऐकू येत होती. त्या रात्री घरी बसून मी सगळे पार्ट परत लिहिले आणि प्रत्येक पान विश्रांतीवर संपवलं. कॉपिस्ट म्हणून सुरुवात केलेला हॉल स्टुडिओत इतका निश्चिंत का दिसायचा, ते मला त्या रात्री उमगलं.

घड्याळ हाही एक वादक धरा. रेडिओवर कार्यक्रम ठरल्या सेकंदाला संपतो. तबकडीला तीन मिनिटं, प्रक्षेपणाला काटेकोर वेळ. एखादं गाणं लांबलं तर पुढच्या गाण्याचा एक फेरा कापायचा आणि ते वाजवणाऱ्यांना खुणेने सांगायचं. हॉटेलांच्या बँडमध्ये अजूनही बोटांची एक भाषा आहे: लीडरने दोन बोटं खाली केली की बी फ्लॅट ही पट्टी, एक बोट वर केलं की जी ही पट्टी, मूठ डोक्याला लावली की पुन्हा सुरुवातीपासून. आपल्याकडे काळी चार, पांढरी दोन असं बोलून सांगतात. चालू माइकसमोर बोलता येत नाही, म्हणून हात बोलतो. छडीचा खरा उपयोग निम्म्याहून अधिक हा.

हॉलचा आवाजही त्याच्या कामाचा भाग होता. ‘हॅलो एव्हरीवन, धिस इज हेन्री हॉल स्पीकिंग’ हे तो ज्या साधेपणाने, किंचित अडखळत म्हणायचा, त्यावर लोकांचा जीव जडला. बीबीसीचे निवेदक रुबाबदार बोलायचे. हा शेजारच्या घरातल्यासारखा बोलायचा. १९३४ पासून ‘गेस्ट नाइट’ हा त्याचा कार्यक्रम सुरू झाला. रंगभूमीवरचे कलावंत येऊन गप्पा मारायचे, गायचे, आणि हॉल यजमान. हा कार्यक्रम युद्धानंतरही चालू राहिला.

शिवाय सिग्नेचर ट्यून. रेडिओवर बँड दिसत नाही, म्हणून पहिल्या चार मात्रांत ओळख पटली पाहिजे. आकाशवाणीची सकाळची ती धून, व्हॉल्टर कॉफमनची म्हणून ओळखली जाणारी, कानावर पडली की आपल्याला काही सांगावं लागत नाही, तसं. हॉल कार्यक्रम संपवताना ‘हिअर्स टू द नेक्स्ट टाइम’ वाजवायचा. ती चाल म्हणजे साल्व्हेशन आर्मीच्या दिवसांत पोरवयात रचलेली तीच कूच. धार्मिक मिरवणुकीसाठी लिहिलेले सूर नवे शब्द आणि नवा ठेका घेऊन देशभराच्या निरोपाची धून झाले.

तबकड्यांकडे येतो. १९३२ मध्येच हॉलने कोलंबिया या तबकडी कंपनीसाठी ‘टेडी बेअर्स पिकनिक’ मुद्रित केलं. चाल जॉन ब्रॅटनची, १९०७ ची, शब्द जिमी केनेडीने १९३२ मध्ये लिहिलेले, गायक व्हॅल रोझिंग. लहान मुलांचं गाणं, पण तबकडी दहा लाखांहून जास्त खपली. त्या ध्वनिमुद्रणात खालच्या आणि वरच्या स्वरांचा पल्ला इतका मोठा आणि इतका स्वच्छ उतरला आहे की बीबीसीचे अभियंते पुढे कित्येक वर्षं आपली यंत्रं तपासायला तीच तबकडी लावत. वाद्यवृंदाच्या अरेंजिंगला आणि बैठकीला याहून मोठी पावती मला माहीत नाही.

अरेंजर हा या धंद्यातला न दिसणारा माणूस. संगीत प्रकाशक नवीन गाण्याचे छापील पार्ट बँडना पुरवत, त्यांना स्टॉक म्हणत. कुठल्याही लहानमोठ्या बँडला चालतील असे ते लिहिलेले असत, म्हणून कुणालाच नीट बसत नसत. चांगला लीडर ते बाजूला ठेवून स्वतःच्या माणसांच्या मापाचं लिहून घ्यायचा. १९३६ मध्ये हॉलने केलेली गोष्ट मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीत थोर वाटते. अमेरिकेतला कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादक आणि अरेंजर बेनी कार्टर त्याने बीबीसी डान्स ऑर्केस्ट्रासाठी लिहायला बोलावला. ब्रिटनच्या कामगार खात्याने आणि वादकांच्या संघटनेने अमेरिकी वादकांना अडवून धरलं होतं, त्यामुळे कार्टरसारख्या सॅक्सोफोनवादकाला तिथे वाजवायची परवानगी नव्हती. लिहायला मात्र होती. मग तो वर्षभर लिहीत राहिला. त्या काळातल्या हॉलच्या तबकड्या आधीच्यांशी लावून ऐका. सॅक्सोफोनच्या फळीत एकदम मोकळी हवा आल्यासारखी वाटते. मवाळ म्हणून नावं ठेवली गेलेल्या माणसाने आपल्यापेक्षा मोठा अरेंजर स्वतःच्या बँडमध्ये आणून बसवला, याला मोठं मन लागतं.

आता पैशाबद्दल सविस्तर. बीबीसी जाहिराती घेत नसे, श्रोत्यांच्या परवान्याच्या दहा शिलिंगांवर चालायची. पगार नियमित, पण सरकारी वळणाचा. मोठी रक्कम दुसरीकडे होती. पहिली वाट तबकड्यांची. दुसरी प्रकाशकांची, आणि ती काळोखातली. रेडिओवर गाणं वाजलं की त्याच्या छापील प्रती खपायच्या, म्हणून प्रकाशक लीडरच्या हातावर पैसे ठेवून आपलं गाणं लावून घ्यायचे. याला प्लगिंग म्हणत. बीबीसी या प्रकाराने इतकी हैराण झाली की बँडलीडरांनी गाण्यांची नावं माइकवर सांगू नयेत असा हुकूम तिने एकदा काढून पाहिला. तो टिकला नाही, कारण नाव न कळता गाणी ऐकायला श्रोते तयार नव्हते. लीडरवर हा मोह रोज येत असणार. गाणं साधारण आहे हे कळत असताना ते आठवड्यात तीनदा लावलं तर बँडची पत जाते, आणि नाकारलं तर प्रकाशक पुढचं चांगलं गाणं दुसऱ्या बँडला आधी देतो. हॉटेलात वाजवताना एका गायकाच्या पाठीराख्यांकडून मलाही अशी पाकिटं आली आहेत. नाही म्हणणं फार अवघड असतं, विशेषतः महिनाअखेरीला, चौदा जणांचे पगार डोक्यावर असताना.

तिसरी वाट परदेशी केंद्रांची. बीबीसीच्या रविवारी नृत्यसंगीताला जागा नव्हती, बीबीसीचा प्रमुख जॉन रीथ याचा तो कडक नेम. ती पोकळी रेडिओ लक्झेंबर्गने भरून काढली. १९३३ पासून त्यांचे इंग्रजी कार्यक्रम सुरू झाले, साबण आणि पेयांच्या कंपन्यांच्या पैशावर, आणि त्यांत बँडना चांगलं मानधन मिळे.

चौथी वाट सगळ्यात मोठी, रंगमंचाची. शहरोशहरीच्या व्हरायटी थिएटरांत, म्हणजे गाणी, नकला अशा मिश्र कार्यक्रमांच्या नाट्यगृहांत, आठवडाभर रोज दोन खेळ. रेडिओवर ज्याचा आवाज ऐकला तो माणूस कसा दिसतो ते बघायला लोक तिकीट काढून यायचे. जॅक हिल्टन या दुसऱ्या ब्रिटिश लीडरने हे गणित आधीच ओळखलं होतं. त्याने बीबीसीच्या नोकरीत अडकण्यापेक्षा दौरे आणि तबकड्या यांवर भर दिला, युरोपभर फिरला, १९३३ मध्ये अमेरिकी जॅझ लीडर ड्यूक एलिंग्टनला लंडनला आणण्यात पुढाकार घेतला आणि पुढे नाट्यनिर्माता झाला.

हॉलने पाच वर्षं काढली आणि सप्टेंबर १९३७ मध्ये बीबीसी सोडून बँडसह दौऱ्यावर निघाला. बीबीसीचा म्हणून असलेला डान्स ऑर्केस्ट्रा तिथे संपला. वय ३९, नाव शिखरावर. ‘गेस्ट नाइट’ तो बाहेरचा कलाकार म्हणून करतच राहिला, म्हणजे नाव ताजं राहील इतका रेडिओ त्याने हातात ठेवला आणि पैसा रंगमंचावरून मिळवला. हा तोल त्याने फार चांगला सांभाळला. १९३९ च्या सुरुवातीला त्याचा बँड बर्लिनच्या स्काला थिएटरात वाजवायला गेला, तेव्हा ज्यू संगीतकारांची गाणी वाजवायची नाहीत अशी तिथली अट होती. त्या काळच्या नृत्यसंगीताचा केवढा मोठा भाग ज्यू रचनाकारांचा होता हे आठवलं की गाण्यांची यादी करताना काय काय गळलं असेल ते डोळ्यांपुढे येतं. तो जायला नको होता असं मला वाटतं, आणि त्याच्याबद्दल इतकं आदराने लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवायची नाही.

वेळ कशी माणसाचं नशीब ठरवते याचं एक अमेरिकी उदाहरण देतो, कारण तुम्ही क्लॅरिनेटवादक लीडर बेनी गुडमनचं नाव घेतलं होतं. १९३४ च्या डिसेंबरपासून तो एनबीसी या अमेरिकी रेडिओ कंपनीच्या ‘लेट्स डान्स’ या तीन तासांच्या कार्यक्रमात तीन बँडपैकी एक होता. त्याची वेळ न्यू यॉर्कमध्ये फार उशिराची, तिथे अर्धे श्रोते झोपलेले. पण कॅलिफोर्नियाचं घड्याळ तीन तास मागे. तिथल्या तरुणांना तो ऐन संध्याकाळी ऐकू यायचा. पुढे दौऱ्यात वाटेत बहुतेक ठिकाणी थंड प्रतिसाद मिळत गेला, आणि २१ ऑगस्ट १९३५ ला लॉस एंजलिसच्या पॅलोमार नाचघरात गर्दी उसळली. रेडिओने तिथे आधीच मशागत करून ठेवली होती.

आपल्याकडचा धागा थोडक्यात. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं होतं, आणि डिसेंबर १९३२ मध्ये बीबीसीची एम्पायर सर्व्हिस लघुलहरींवर आली, तेव्हापासून लंडनचे बँड इथे खरखरीतून का होईना ऐकू येऊ लागले. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकी बँड ताजमहाल हॉटेलात आला. हे संगीत इथे रुजलं ते मात्र गोव्याच्या वादकांमुळे. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई, त्यामुळे ही माणसं समोर ठेवलेला पार्ट बघता बघता वाजवायची. हल्दोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईत ट्रम्पेटचे बादशहा झाले आणि स्वतःचा बँड चालवू लागले. मिकी कोरिया यांनी ताजमधला बँड १९३९ पासून वीसेक वर्षं सांभाळला. आणि आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेट यांना सोबत घेऊन १९५१ च्या ‘अलबेला’ला जो ठेका दिला, त्यातल्या ब्रासच्या ओळी ऐकताना लंडन-न्यू यॉर्कच्या हॉटेलांतून तारेने निघालेला तो आवाज कुठवर पोचला ते कळतं.

ऐकायला कुठून सुरुवात करायची असंही तुम्ही विचारलंत. ‘टेडी बेअर्स पिकनिक’ आधी, हेडफोन लावून, फक्त बास आणि सगळ्यात वरचं वाद्य यांच्याकडे लक्ष देऊन. मग हॉलची १९३४ ची एखादी तबकडी आणि १९३६-३७ ची एखादी, लागोपाठ. दोन्ही वेळा सॅक्सोफोनची फळी कुठे श्वास घेते ते पेन्सिलीने खुणा करून लिहून काढा. पहिल्या प्रयत्नात निम्म्या जागा सापडतील. माझ्याकडे माझ्या हाताने उतरवलेले काही पार्ट आहेत, ते तुम्हाला पाठवतो. खुणा त्यांवर ताडून बघा.